रेड फ्लॅग कायदे

रेड फ्लॅग कायदे : ज्या व्यक्तीकडून स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला नजीकचा धोका दिसतो, तिच्याकडील बंदुका न्यायालयाच्या आदेशाने ठरावीक मुदतीपुरत्या काढून घेणारे आणि त्या मुदतीत तिला नवी बंदूक घेण्यास मनाई करणारे अमेरिकेतील राज्यांचे कायदे. अनेक राज्यांत अशा आदेशाला ‘अतिधोका संरक्षण आदेश’ या अर्थाचे नाव आहे. कॅलिफोर्नियात तो ‘बंदूक-हिंसा प्रतिबंधक आदेश’ ठरतो. ‘रेड फ्लॅग’ म्हणजे धोक्याची खूण; पण ‘लाल बावटा’ म्हटले की मराठी वाचकाला कामगार चळवळ आठवते, म्हणून येथे रूढ इंग्रजी रूपच ठेवले आहे. मनोविकार म्हणजे धोका असा चुकीचा अर्थ या नावातून निघतो, म्हणून सार्वजनिक आरोग्याचे बरेच अभ्यासक ते टाळतात.

भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमातील कलम १७ नुसार परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बंदूक बाळगायला परवानाच लागत नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही हाती नसते. गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धी किंवा मनोरुग्णालयातील सक्तीचा प्रवेश यांसारख्या कारणांनी केंद्रीय कायद्याची बंदी येते. पण धमक्या देणारा, आत्महत्येची भाषा करणारा माणूस यांपैकी कशातच बसत नाही. ही फट भरणे हा या कायद्यांचा हेतू.

उगम : पहिला कायदा कोणता, यावर एकमत नाही. मार्च १९९८ मध्ये कनेक्टिकटच्या लॉटरी कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चार वरिष्ठांना ठार करून आत्महत्या केली. त्यानंतर १९९९ मध्ये तेथे कायदा आला. मात्र त्याचा साचा झडतीच्या वॉरंटचा होता : सरकारी वकील किंवा दोन पोलीस अधिकारी अर्ज करत, कुटुंबीयांना थेट न्यायालयात जाता येत नसे. इंडियानाचा २००५ चा कायदा जेक लेअर्ड या पोलिसाच्या नावाने ओळखला जातो. त्याला मारणाऱ्याच्या बंदुका काही महिने आधी जप्त झाल्या होत्या, पण ठेवून घेण्यास कायदेशीर आधार नसल्याने परत कराव्या लागल्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या संरक्षण आदेशावर बेतलेला, नातेवाइकांना अर्जाचा हक्क देणारा साचा कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये स्वीकारला (अंमल २०१६ पासून). काही लेखक तेथूनच इतिहास सुरू करतात. परंतु शिक्षा किंवा रुग्णालय-प्रवेश नसतानाही तात्पुरती जप्ती, हे मूळ तत्त्व कनेक्टिकटचेच; त्यामुळे आरंभ १९९९ पासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. फेब्रुवारी २०१८ मधील फ्लॉरिडा राज्यातील पार्कलंड येथील शाळेतल्या हत्याकांडानंतर प्रसार वेगाने झाला. २०२४ च्या आरंभी २१ राज्ये व राजधानी वॉशिंग्टन येथे असे कायदे होते.

कार्यपद्धती : प्रथम एकतर्फी सुनावणीत अल्पमुदतीचा आदेश निघतो, तो कॅलिफोर्नियात २१ दिवसांपर्यंत चालतो, इतरत्र बहुधा १४ दिवसांच्या आत दुसरी सुनावणी होते. तेथे समोरची व्यक्ती बाजू मांडते. बहुतेक राज्यांत ‘स्पष्ट व खात्रीलायक’ पुरावा लागतो. ही कसोटी सामान्य दिवाणी दाव्यापेक्षा कडक, फौजदारीपेक्षा सौम्य. वॉशिंग्टन राज्यात दिवाणी दाव्याचीच कसोटी पुरते. आदेश सहसा एक वर्षाचा असतो, कॅलिफोर्नियात एक ते पाच वर्षांचा. तेथे आदेश बजावताना पोलिसांनी बंदुका मागितल्या तर लगेच द्याव्या लागतात. नाहीतर २४ तासांत पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून ४८ तासांत पावती न्यायालयात द्यावी लागते. फ्लॉरिडात अर्ज फक्त पोलीस यंत्रणाच करू शकते.

त्रुटी : आदेश बजावण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा, आधी सूचना मिळाली तर शस्त्र लपवले जाते किंवा वापरले जाते. नोंद नसलेल्या, घरी जुळवलेल्या बंदुका पोलिसांच्या यादीत येत नाहीत. घरातील इतरांची शस्त्रे कुलुपात आहेत का, हेही पाहावे लागते. पण मोठे अपयश म्हणजे अर्जच न होणे. मार्च २०२० मध्ये इंडियानापोलिसच्या पोलिसांनी आईच्या इशाऱ्यावरून एका तरुणाची शॉटगन नेली, पण प्रकरण या कायद्याखाली न्यायालयात गेले नाही. खरेदीबंदी लागली नाही, त्याने दोन रायफली रीतसर विकत घेतल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये एका मालवाहतूक केंद्रात आठ जणांना मारले. त्यांत चौघे शीख समाजाचे होते. नुसती जप्ती म्हणजे आदेश नव्हे, हा फरक येथे जिवांवर बेतला.

परिणाम : मोठ्या गोळीबारांमुळे कायदे आले, तरी ठोस पुरावा आत्महत्यांबाबत आहे. १९९९ ते २०१३ मधील कनेक्टिकटच्या ७६२ प्रकरणांच्या अभ्यासात (२०१७) दर १० ते २० जप्तींमागे एक आत्महत्या टळल्याचा अंदाज निघाला.

घटनात्मकता : टीकाकारांचा मुख्य आक्षेप एकतर्फी सुनावणीवर आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिमी खटल्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशाखालील बंदूकबंदी आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली. तीत मात्र नोटीस व सुनावणी आधीच झालेली असते. ओक्लाहोमाने २०२० मध्ये असे कायदे करण्यासच मनाई केली.