तारणाऐवजी मार्गदर्शक

थिओडोर वेल १९१९ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. त्याच वर्षी कागद कारखानदार होरेस मोझेस आणि माजी सिनेटर मरे क्रेन यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही मुलांना धंदा शिकवणारी संस्था सुरू केली. वेल आणि क्रेन दोघेही पुढच्याच वर्षी वारले. काम रेटलं ते मोझेसनी.

त्यातून जी पद्धत रुळली ती मजेशीर होती. मुलांनी शाळा सुटल्यावर जमायचं, चिमुकली कंपनी काढायची, ओळखीपाळखीत शेअर विकून भांडवल उभं करायचं, अध्यक्ष-खजिनदार निवडायचे, वस्तू बनवून विकायच्या. वर्षअखेर हिशेब मिटवून भागधारकांचे पैसे परत, कंपनी बंद. सल्ल्याला कंपन्यांमधली अनुभवी माणसं. बुडालेच तर आजीचे चार पैसे बुडणार!

१९६४ मध्ये अमेरिकी सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाने निवृत्त अधिकाऱ्यांची ‘स्कोर’ ही स्वयंसेवी फळी उभी केली. सल्ला फुकट, घेणारे मुख्यतः छोटे व्यावसायिक.

खरं वळण आलं ब्रिटनमध्ये. प्रिन्स चार्ल्स (आताचे राजे) यांनी नौदल सोडताना मिळालेल्या ७,४०० पौंडांतून १९७६ मध्ये ‘प्रिन्स ट्रस्ट’ काढला होता. १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन आणि लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागांत दंगली पेटल्या, १९८२ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. बँक ज्यांना दारात उभं करत नव्हती, अशा तरुणांना ट्रस्ट धंद्यासाठी पैसे देऊ लागला आणि प्रत्येकामागे एक जाणता माणूस. इथून शिकवणीचा खेळ संपला. आता चूक झाली तर हप्ता थकणार होता.

हेच प्रारूप लक्ष्मी वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये भारतात आणलं. त्यासाठी काढलेल्या ‘भारतीय युवा शक्ती ट्रस्ट’चे पहिले अध्यक्ष जेआरडी टाटा. टाटा सन्सची सूत्रं वर्षभरापूर्वीच रतन टाटांकडे सोपवलेले, नव्वदीकडे झुकलेले. म्हणजे इथेही सुरुवातीला एक निवृत्त माणूसच. ट्रस्टचं काम पुढे पुण्यातही आलं. आधी कर्ज ट्रस्टच्या निधीतून मिळे, नंतर बँकांना जोडून घेतलं गेलं; मार्गदर्शक मात्र कायम राहिला.

आपल्याकडे तेव्हा बँकेत गेलं की पहिला प्रश्न तारणाचा असे, दुसरा जामीनदाराचा. गॅरेज किंवा शिवणकामाचं युनिट काढू पाहणाऱ्या, घरात धंद्याचा गंध नसलेल्या मुलाकडे दोन्ही नसतं. अशा वेळी कारखान्यात किंवा बँकेत जन्म काढलेला माणूस त्याला काय शिकवतो? फार मोठं काही नाही. गल्ला आणि घरखर्च वेगळा ठेव, उधारी लिहून ठेव, माल उचलण्याआधी पैसे कधी सुटणार ते बघ. व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतात.

तारणाची अट पुढे सरकारनेच सैल केली. २००० मध्ये लघुउद्योगांसाठी कर्जहमी निधी आला, २०१५ मध्ये मुद्रा योजना, सुरुवातीला दहा लाखांपर्यंत विनातारण. पण मुद्राच्या कर्जासोबत महिन्याला येऊन वही तपासणारं कुणी येत नाही.