साताऱ्यात हॉट एअर बलून सुरू करण्यासाठी परवानगी, पात्रता, कागदपत्रे आणि हवामानाची तयारी

सातारा जिल्ह्यात कृषी पर्यटन केंद्र चालवणारे अनेक जण हॉट एअर बलूनची चौकशी करतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरेल का, असा असतो. तो पुरत नाही. बलूनला इंजिन नसले, सुकाणू नसले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते विमानच आहे. त्यामुळे 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आणि त्याखालील नियम त्याला लागू होतात.

परवानगीचे काम दोन ठिकाणी चालते. पहिले ठिकाण म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, अर्थात डीजीसीए. बलूनची नोंदणी, त्याच्या उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा बलूनसाठीचा परवाना आणि त्याची वैद्यकीय तपासणी, तसेच पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी या सर्व बाबी तेथे पाहिल्या जातात. दुसरे ठिकाण म्हणजे राज्याचे पर्यटन संचालनालय. राज्य शासनाने 24 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केलेल्या साहसी पर्यटन धोरणानुसार जमीन, पाणी व हवा या तिन्ही प्रकारांतील उपक्रमांच्या आयोजकांना नोंदणी करावी लागते, आणि साताऱ्याचे अर्ज पुणे विभागीय कार्यालयाकडे जातात. यांपैकी एक परवानगी मिळाली म्हणजे दुसरीची गरज उरत नाही, हा समज चुकीचा आहे. माझा सल्ला असा की डीजीसीएच्या बाजूची कागदपत्रे आधी हाती घ्यावीत, कारण वेळ तिथेच जातो. ज्याच्याकडे स्वतःचे बलून व वैमानिक नाही, त्याने परवानाधारक चालकाशी लेखी करार करून जागा व ग्राहकसेवा स्वतःकडे ठेवणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे.

फाइलमध्ये आधार, पॅन, संस्थेचे नोंदणीपत्र, उड्डाणस्थळाचा सातबारा, मालकाचे संमतिपत्र आणि प्रवासी व त्रयस्थ व्यक्तींचा विमा ही कागदपत्रे तयार ठेवावीत. कर्मचाऱ्यांची प्रथमोपचाराची प्रमाणपत्रे, जवळच्या रुग्णालयाचे अंतर व रुग्णवाहिकेची सोय दाखवणारा बचाव आराखडा, पोलीस व जिल्हा प्रशासनाला दिलेल्या पत्रांच्या पोचपावत्या हेही जोडावे. बलूनमधील हवा तापवणाऱ्या बर्नरला लागणाऱ्या प्रोपेन वायूच्या सिलिंडरचा साठा करणार असाल, तर त्याबाबतच्या नियमांची चौकशी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे आधीच करावी. बलून जिथे उतरेल ते शेत आपल्या मालकीचे नसणार, हे लक्षात ठेवून वाऱ्याच्या दिशेने येणाऱ्या गावांतील शेतकऱ्यांशी आधी बोलावे आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई कशी देणार ते लिहून ठेवावे. उभ्या उसात टोपली उतरली, तर त्या कुटुंबाचे वर्षभराचे कष्ट तुडवले जातात.

आता हवामानाकडे येऊ. अर्जातील हा भाग लोक दोन ओळींत उरकतात, आणि उड्डाणाची सुरक्षितता मात्र सर्वाधिक याच भागावर अवलंबून असते.

बलून वाऱ्याबरोबर जाते. वैमानिकाच्या हातात फक्त वर जाणे व खाली येणे असते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्याचा उपयोग करून तो वाट शोधतो. जमिनीलगतचा वारा साधारण ताशी 15 किलोमीटरच्या आत असावा, दृश्यमानता चांगली असावी, पाऊस किंवा गडगडाटी ढग आसपास नसावेत. दोराने बांधलेल्या बलूनला तर याहून शांत हवा लागते, कारण वाऱ्याबरोबर सरकता येत नसल्याने सारा दाब कापडावर येतो. ज्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, ते पठार त्याच कारणाने बलूनसाठी बाद ठरते. कासचा फुलांचा हंगामही धुक्याचा व पावसाचा, म्हणून तोही सोडून द्यावा. पूर्वेकडील फलटण, माण, खटावचा सखल मुलूख आणि डिसेंबर-जानेवारीतील पहाट हा मेळ बरा.

पहाटच का, तर रात्री थंड झालेली हवा जमिनीलगत स्थिर बसलेली असते. ऊन चढू लागले की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर उठतात आणि उतरताना टोपली भलतीकडे खेचली जाते. दुसरे कारण वजनाचे आहे. साताऱ्याइतक्या, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर, आतील हवा 100 अंश सेल्सिअस असलेले 3,000 घनमीटरचे बलून बाहेर 12 अंश असताना अंदाजे 800 किलो उचलते, तर 32 अंशांना जेमतेम 580 किलो, आणि त्यातच कापड, टोपली, बर्नर व सिलिंडर यांचे वजन आले. तेव्हा ‘प्रवासी सहा’ असे एकच ठरावीक उत्तर न लिहिता तापमानानुसार वजनाचा तक्ता जोडावा.

उड्डाणापूर्वी वैमानिक हेलियमचा हातभर फुगा मोकळा सोडतो आणि मान वर करून पाहत राहतो. फुगा शंभरेक मीटर सरळ चढतो आणि मग अचानक कोणीतरी ओढल्यासारखा आडवा पळू लागतो. त्या क्षणी बर्नर पेटवायचाच नसतो, मागे पुण्याहून आलेली मंडळी चहा संपवून तयार उभी असली तरी. म्हणून रद्द करण्याचा अंतिम अधिकार वैमानिकाचा राहील व पूर्ण पैसे परत मिळतील, हे तिकिटावरच छापावे. पैसे बुडण्याची भीती नसली की वैमानिकावर दबाव येत नाही. 30 जुलै 2016 रोजी टेक्सासमधील लॉकहार्टजवळ धुके असतानाही उड्डाण झाले, बलून वीजवाहिनीला धडकले आणि सर्व 16 जण दगावले. 2012 मध्ये न्यूझीलंडमधील कार्टरटन येथील 11 मृत्यूंमागेही वीजवाहिनीच होती. आपल्याकडे उच्चदाब वाहिन्या, शेतपंपांच्या तारा आणि द्राक्षबागांचे मांडव हे तिन्ही आहेत, तेव्हा या सर्वांची खूण असलेला नकाशा प्रत्यक्ष फिरून तयार करावा.

प्रवाशांना द्यावयाच्या सूचना मराठीत छापून अर्जाला जोडाव्यात. उतरताना गुडघे किंचित वाकवून दोरीची कडी घट्ट धरावी, आणि सांगितल्याशिवाय कोणीही टोपलीबाहेर पाऊल टाकू नये, कारण एक माणूस उतरला की हलके झालेले बलून उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर उचलले जाते. 2013 मध्ये इजिप्तमधील लक्सर येथे आग लागल्यावर वैमानिक बाहेर पडला, बलून उंच गेले आणि 19 जणांचा जीव गेला. ही सूचना वैमानिकाने जमिनीवर असतानाच प्रत्येक प्रवाशाकडून तोंडी वदवून घ्यावी आणि नोंदवहीत त्यादिवशीचा वारा, तापमान व वेळ यांच्याशेजारी त्या प्रवाशाची सही घ्यावी. रद्द झालेल्या दिवसांची नोंदही त्याच वहीत, कारणासह ठेवावी.