माशांचे वाटे आणि सोळा मतं

गावाच्या होड्या परतल्या की मासे कुणाच्या घरी जात नाहीत. ते ठरलेल्या जागी आणून ओततात, जातवार लावतात, मोजतात आणि मग घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे वाटे पडतात. समुद्रावर कोण गेलं होतं आणि अंथरुणाला कोण खिळून होतं, याचा हिशेबाशी संबंध नसतो. तान्ह्या मुलाचाही वाटा धरलेला असतो. आपल्या कोकणात रापण ओढल्यावरही वाटे पडतात, पण ते जाळं ज्याचं आणि दोराला हात ज्याचा त्याचे. इथे मात्र गावात जिवंत असणं एवढीच पात्रता पुरते. या पद्धतीचं नाव ‘इनाती’, आणि ती जिथे चालते त्या देशाचं नाव टोकेलाऊ.

त्याला देश म्हणावं का, हा प्रश्न तिथल्या लोकांनी दोनदा मतपेटीत टाकला आणि दोन्ही वेळा उत्तर थोडक्यात हुकलं. त्या निकालाचं मूळ राजकारणापेक्षा पायाखालच्या वाळूत आणि त्या वाळूतल्या पाण्यात जास्त आहे, असं मला वाटतं.

टोकेलाऊ म्हणजे प्रशांत महासागरातली तीन कंकणद्वीपं: अताफू, नुकुनोनू आणि फकाओफो. सामोआच्या उत्तरेला सुमारे ५०० किलोमीटर. तिघांची मिळून जमीन १० ते १२ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा साधारण दहावा हिस्सा. वस्ती दीड हजाराच्या आसपास. विमानतळ नाही. सामोआच्या आपिया बंदरातून बोट निघते आणि एक पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त वेळाने पोहोचते. पोहोचते तीसुद्धा प्रवाळभिंतीच्या बाहेरच. पुढे माणसं, तांदळाची पोती, आजारी म्हातारी, सगळं लहान होड्यांत उतरवून भिंतीतल्या चिंचोळ्या वाटेने आत न्यावं लागतं.

ही जमीन आली कुठून? चार्ल्स डार्विनने १८४२ साली याचं उत्तर मांडलं. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो, त्याच्या किनाऱ्याभोवती प्रवाळ वाढतात. डोंगर थंड होत स्वतःच्या वजनाने हळूहळू खचतो, पण प्रवाळांना उजेड हवा असतो, म्हणून ते त्याच वेगाने वर वर बांधत जातात. लाखो वर्षांनी डोंगर पाण्याखाली नाहीसा होतो आणि मागे उरतं ते प्रवाळाचं कडं, मधोमध उथळ लगून, म्हणजे कड्याच्या आत अडकलेलं समुद्राचं पाणी. शंभरेक वर्षांनी, १९५२ मध्ये, मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर खोल भोक पाडलं गेलं. सुमारे १,४०० मीटर चुनखडक ओलांडल्यावर खाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला. डार्विनचा तर्क खरा ठरला.

म्हणजे टोकेलाऊची जमीन ही जीवांनी बांधलेली जमीन आहे. प्रवाळाचा चुरा, शिंपल्यांचे तुकडे, फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं, प्रवाळ कुरतडून वाळू टाकणारे मासे. लाटांनी हा सगळा ऐवज कड्यावर रचला आणि त्याची बेटं झाली. समुद्रापासून उंची पाचेक मीटरच्या आत. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. कठीण दगडही नसल्याने पूर्वी होड्या कोरायची हत्यारं शिंपल्यांची असत. माती म्हणावी असा थर अगदी पातळ.

मग माणसं पितात काय? पाऊस या वाळूत मुरतो आणि खाली झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं. एक लीटर गोड्या पाण्याचं वजन १ किलो धरलं, तर समुद्राचं १.०२५ किलो. एवढ्याशा फरकावर बेटाखाली गोड्या पाण्याचं एक भिंग तयार होतं, मधे जाड आणि कडेला पातळ. हिशेब असा निघतो की भूजलाची पातळी समुद्राच्या वर १ मीटर असेल, तर गोडं पाणी खाली ४० मीटरपर्यंत असायला हवं. पण हा झाला कागदावरचा हिशेब. बेट अरुंद असलं की भरती-ओहोटी हे भिंग रोज ढवळते, सीमेवर मचूळ पाण्याचा जाड पट्टा होतो आणि गोडं पाणी थोडंच उरतं. जास्त उपसा केला की खालून खारं वर येतं. म्हणून टोकेलाऊमध्ये आज खरा भरवसा पन्हळीतून टाकीत उतरणाऱ्या पावसावर आहे.

हा भरवसा २०११ मध्ये डगमगला. त्या वर्षी ला निन्याचा जोर होता. व्यापारी वारे बळावतात, समुद्राचं ऊबदार पाणी पश्चिमेकडे ढकललं जातं आणि ढगही त्याच्या मागून जातात. मधल्या प्रशांतातली बेटं कोरडी राहतात. ऑक्टोबरमध्ये टाक्या तळाला गेल्या, टोकेलाऊने आणीबाणी जाहीर केली आणि जहाजातून पिण्याचं पाणी आणावं लागलं. चारी बाजूंनी अथांग पाणी असलेल्या माणसांनी बाटलीबंद पाण्याची वाट बघायची, हे चित्र मला विसरता येत नाही.

अशा जमिनीवर पिकतं ते थोडंच. नारळ, नीरफणस, आपल्या केवड्याच्या कुळातला पांडानस. भूजलापर्यंत खड्डे खणून, त्यात वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजवून, पुलाका नावाचा अळवाच्या कुळातला मोठा कंद लावतात. माडाची पोय बांधून काढलेला गोड रस तिथेही आहे. त्याला ‘कालेवे’ म्हणतात आणि आपल्या माडी काढणाऱ्याला ते काम बघून परकं वाटणार नाही. बाकी सगळं बोटीने येतं: तांदूळ, पीठ, साखर, डबाबंद मांस.

अशा ठिकाणी एकट्याने साठवून ठेवणारा माणूस पूर्वी टिकलाच नसता. मासा उन्हात टिकत नाही, वादळ कुणाचंही छप्पर निवडतं, आज माझी होडी भरली तर उद्या तुझी. वाटून टाकलेला मासा हाच साठा: आज दिलेला वाटा उद्याच्या रिकाम्या दिवसाचा विमा असतो. इनातीकडे निव्वळ चांगुलपणा म्हणून बघू नये, त्यात कडक व्यवहार आहे. तिला धरून गावाची सगळी बांधणी आहे. प्रत्येक कंकणद्वीपावर ‘ताउपुलेगा’ ही ज्येष्ठांची सभा असते. धडधाकट पुरुषांचा गट म्हणजे ‘आउमागा’. मासेमारी, बोटीतून माल उतरवणं, बंधारे दुरुस्त करणं ही कामं त्याच्याकडे. घर मात्र बायकांचं. परंपरेने लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. कुळाची जमीन आणि होड्या सांभाळायच्या भावांच्या शाखेने आणि आलेल्या अन्नाची वाटणी करायची बहिणींच्या शाखेने, अशी जुनी विभागणी आहे.

या लहान समाजावर एक घाव असा बसला की त्याची तुलना मला सुचत नाही. १८६३ मध्ये पेरूची गुलामांची जहाजं आली आणि सुमारे अडीचशे माणसं घेऊन गेली. ती जवळपास अर्धी वस्ती होती. १८८९ मध्ये ब्रिटिशांनी संरक्षण जाहीर केलं, १९१६ मध्ये गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या वसाहतीला जोडलं, १९२६ पासून कारभार न्यूझीलंडकडे गेला. १ जानेवारी १९४९ पासून टोकेलाऊ न्यूझीलंडच्या हद्दीचा भाग झालं आणि तिथली माणसं न्यूझीलंडची नागरिक. १९६६ च्या चक्रीवादळानंतर सरकारी योजनेतून कुटुंबं तिकडे वसवली गेली. आज न्यूझीलंडमधल्या टोकेलाऊवासीयांची संख्या बेटांवरच्यांच्या कित्येक पट आहे. २०१८ च्या जनगणनेत ती साडेआठ हजारांच्या वर गेली.

पैसा कुठून येतो? सगळ्यात मोठा भाग न्यूझीलंडच्या मदतीचा. चलनही तिकडचंच, डॉलर. स्वतःच्या कमाईत मुख्य आहे तो समुद्र. जमीन १२ चौरस किलोमीटर, पण तिच्याभोवतीचं आर्थिक क्षेत्र सुमारे ३ लाख १९ हजार चौरस किलोमीटर, आख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं. त्यात कुपा, म्हणजे ट्यूना, फिरतो. तो पकडायला परदेशी जहाजं येतात आणि ‘आमच्या पाण्यात इतके दिवस मासेमारी’ या हिशेबाने शुल्क भरतात. या भागातल्या बेटांनी मिळून ही दिवस विकायची पद्धत बसवली आणि टोकेलाऊही तीत सामील आहे. मात्र यातला मोठा हिस्सा असलेला स्किपजॅक जातीचा कुपा ऊबदार पाण्याच्या मागे जातो. एल निन्योत, म्हणजे ला निन्याच्या उलट स्थितीत, तो पूर्वेला सरकतो, ला निन्यात पश्चिमेला. टाकीतलं पाणी आणि तिजोरीतले पैसे, दोन्ही समुद्राच्या एकाच हेलकाव्याला बांधलेले आहेत.

आणखी एक उत्पन्न विचित्र वाटेने आलं. इंटरनेटवर टोकेलाऊच्या वाट्याला आलेला ‘डॉट टीके’ हा पत्ता एका कंपनीमार्फत जगभर फुकट वाटला गेला आणि एके काळी तो जगातल्या सगळ्या देशांच्या पत्त्यांत सर्वाधिक नोंदींचा झाला. फुकट म्हटल्यावर फसवणूक करणारेही धावले. ज्या समाजात चोरीला जायला जागा नाही त्याचं नाव असं भामट्यांच्या जाळ्यांवर लागलं, हे मला फार खटकतं.

सौर विजेची गोष्ट मात्र अभिमानाची. पूर्वी डिझेल पिंपांतून, त्याच होड्यांतून, त्याच चिंचोळ्या वाटेने येत असे. एक पिंप लगूनमध्ये कलंडलं तर गावाच्या अन्नावर तेल. २०१२ मध्ये तिन्ही द्वीपांवर मिळून ४,०३२ सौर पटलं आणि १,३४४ बॅटऱ्या बसल्या आणि जवळपास सगळी वीज उन्हातून मिळू लागली. अर्थात चोवीस तास वीज म्हणजे घरोघरी शीतपेटी, आणि शीतपेटी म्हणजे मासा टिकणार. इनातीमागचं एक जुनं कारण तिथे सैल पडतं, आणि त्याकडे टोकेलाऊने डोळे उघडे ठेवून बघायला हवं असं मला वाटतं.

आता मतपेटी. संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत टोकेलाऊचं नाव आहे. ते निघावं म्हणून कुक बेटं (१९६५) आणि निउए (१९७४) यांच्यासारखा पर्याय पुढे आला: स्वतःचं सरकार, पण न्यूझीलंडशी मुक्त सहयोग. तयारी खरी होती. कायदे करायचा अधिकार १९९६ मध्येच ‘जनरल फोनो’ या सभेकडे आला होता, आणि प्रमुखपद ठरावीक मुदतीने एका द्वीपाकडून दुसऱ्याकडे फिरतं, राजधानी त्याच्याबरोबर. पद हासुद्धा एक वाटाच. मंजुरीसाठी दोन तृतीयांश मतं हवीत, ही अट त्या सभेनेच घातली. फेब्रुवारी २००६ मध्ये बाजूने ६० टक्के मतं पडली. ऑक्टोबर २००७ मध्ये ४४६ बाजूने, २४६ विरुद्ध. अटीला १६ मतं कमी.

साध्या बहुमताची अट असती तर दोन्ही वेळा निकाल उलटा लागला असता. पण एकोपा, म्हणजे ‘माओपोओपो’, हा जिथे गावाचा पाया, तिथे पन्नास टक्क्यांवर एक मत हा निर्णय धरत नाहीत. तीनातलं एक माणूस वाट्याबाहेर ठेवून मासे वाटावेत, तसं ते होईल. विरुद्ध मत देणाऱ्यांची भीती समजायलाही फार दूर जावं लागत नाही. नागरिकत्व कायम राहील असं करारात होतं, पण पुढे कोणी ते बदललं तर? मुलं, भावंडं तिकडे, इस्पितळ तिकडे. आणि बाहेरच्या हजारोंना या मतदानात मत नव्हतं.

शेजारच्या तुवालूची गोष्ट शेजारी ठेवावीशी वाटते. तीही कंकणद्वीपं, तशीच वाळू, तसंच पाण्याचं भिंग. तुवालू १९७८ मध्ये स्वतंत्र झालं आणि त्याला संयुक्त राष्ट्रांत जागा आहे. समुद्र वाढला की आधी बुडते ती जमीन नव्हे, आधी खारावतं ते पाणी. उधाणाची एक लाट पुलाकाच्या खड्ड्यात शिरली की ते मीठ धुऊन जायला कित्येक पावसाळे लागतात. तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार केला, तो २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला २८० जणांना तिकडे जाऊन राहता येतं, आणि ती माणसं सोडत काढून निवडली जातात. टोकेलाऊतल्या तान्ह्या मुलाला जन्मापासून माशाचा वाटा असतो आणि न्यूझीलंडचा पासपोर्टही. ती २४६ मतं या दुसऱ्या वाट्याची होती.