वाळू-बंधारा (केनिया)

वाळू-बंधारा : हंगामी नदीच्या पात्रात आडवी भिंत घालून तिच्यामागे वाळू साचू द्यायची आणि त्या वाळूच्या पोटात पाणी राखायचे, अशी जलसंधारणाची पद्धत. केनियाच्या मचाकोस, किटुई आणि माकुएनी या काउंट्यांत, म्हणजे कांबा लोकांच्या उकांबानी प्रदेशात, ती चांगली रुजली आहे.

इथे पाऊस दोनदा येतो : मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातल्या त्यात भरवसा दुसऱ्याचा. एरवी पात्र कोरडे ठणठणीत. पण वाळू उकरली की खाली पाणी लागते. आपल्याकडच्या झिऱ्यासारखाच हा खड्डा कोरडे दिवस लांबतील तसा खोल होत जातो. गुरे शिरू नयेत म्हणून त्याभोवती काटेरी फांद्या रचतात. बायका वीस लिटरचा पिवळा कॅन पाठीवर घेऊन त्याचा पट्टा कपाळावर अडकवतात. गाढव असेल त्या घराचे नशीब.

बंधाऱ्याने हाच झिरा मोठा होतो. कातळ लागेपर्यंत चर खणून दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधतात. पुराबरोबर आलेली जड वाळू मागे बसते, हलका गाळ भिंतीवरून निघून जातो. वाळूच्या कणांमधली पोकळी एकूण आकारमानाच्या साधारण २५ ते ४० टक्के असते. पाणी राहते ते तिथे. वरचा थर सुकला की खालच्या पाण्याचे बाष्पीभवन जवळजवळ थांबते, आणि उघडे पाणी नसल्याने डासही होत नाहीत. उघड्या खड्ड्यातले पाणी मात्र सहज दूषित होते. म्हणून काठावर विहीर खोदून हातपंप बसवणे बरे. भिंत एकदम उंच केली तर वाळूऐवजी गाळच अडकतो आणि बंधारा जवळपास वाया जातो. ही चूक अनेक ठिकाणी झाली आहे.

वसाहतकाळातही असे बंधारे बांधले गेले होते. पण त्यांना गावाचा हात लागला तो ‘म्वेथ्या’ या कांबा लोकांच्या एकमेकांना श्रम देण्याच्या रीतीमुळे. या गटांत बायकाच अधिक. दगड, वाळू, पाणी वाहण्याचे काम गाव करते. सिमेंट आणि गवंडी बहुधा संस्थेकडून येतात.

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतील कलम ४३ प्रत्येकाला पुरेशा, स्वच्छ पाण्याचा हक्क देते. २०१६ च्या जल कायद्याने पाणीवापरकर्त्यांच्या संघांनाही जागा दिली. उकांबानीत मात्र हा हक्क वाळूवर येऊन अडतो. नैरोबीच्या बांधकामांसाठी इथल्या नद्यांतून ट्रकच्या ट्रक वाळू उपसली जाते, आणि वाळू गेली की तिच्यातली साठवणही जाते. माकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळूच्या संवर्धनासाठी वेगळा कायदा केला. बंधाऱ्यापर्यंतची वाट बहुधा कुणाच्या तरी शेतातून जाते; म्हणून जाणते गट पाया खणण्याआधीच दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांकडून वाटेचा करार लिहून घेतात.