फोटो छान आलाय, मग गुडघा का दुखतो?

साताऱ्याची माझी आत्या गुडघा बदलल्यानंतर आठ महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेली, तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मान हलवली आणि म्हणाले, "काकू, फोटो एकदम छान आलाय. सांधा मस्त बसलाय. व्यायाम सोडू नका." फोटो खरंच छान होता. हाडांच्या दोन्ही टोकांवर धातू नीट बसलेला, मधली फट दोन्ही बाजूंना सारखी. पण बाहेर रिक्षापर्यंत येताना आत्या दोनदा थांबली. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "फोटोत दुखणं दिसतं का रे?"

नाही दिसत. एक्स-रेत धातू दिसतो, हाड दिसतं, दोघांमध्ये पोकळी पडली असेल तर तीही दिसते. नस दिसत नाही, स्नायू दिसत नाही, हळूहळू पसरणारा जंतुसंसर्ग सुरुवातीला दिसत नाही. 'फोटो चांगला आहे' या वाक्यावर तपास सुरू व्हायला हवा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा तिथेच संपतो आणि मला ते फार खटकतं.

असं दुखणं असणारी आत्या एकटी नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली आधीच्या अनेक अभ्यासांची छाननी केली. गुडघा बदलून बराच काळ लोटल्यावरही त्रासदायक वेदना राहिलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के निघालं. उत्तम दर्जाचे अभ्यास तेवढे घेतले तर साधारण २० टक्के. खुब्याच्या सांध्यासाठी हाच आकडा ९ टक्क्यांच्या आसपास आहे. पाचातले चारजण सुखानं चालू लागतात, ही या शस्त्रक्रियेची मोठी कमाई आहेच. पण उरलेल्या पाचव्या माणसाला 'तुम्ही व्यायाम केला नसेल' एवढंच ऐकवून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

आधी काळाचा हिशोब. गुडघा बदलणं हा शरीरावरचा मोठा घाव आहे. सूज आणि त्वचेचा कोमटपणा काही महिने राहू शकतो, आणि बऱ्याच जणांचा गुडघा वर्षभर थोडाथोडा सुधारत जातो. त्यामुळे सहाव्या आठवड्यात घाबरून जायचं कारण नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही टिकलेल्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव आणि जागा मिळाली आहे. तीन महिन्यांनंतर निदान नीट विचारपूस तरी व्हायलाच हवी. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, जखमेतून पाणी येत असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल तर तेवढंही थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

आपण सगळे 'वाटी बदलली' असं म्हणतो. प्रत्यक्षात बदललेली असतात ती मांडीच्या हाडाची खालची आणि नडगीच्या हाडाची वरची टोकं. त्यांवर धातूचं आवरण बसतं आणि मध्ये प्लास्टिकची गादी. वाटीच्या आतल्या पृष्ठभागावर काही सर्जन प्लास्टिकची चकती बसवतात, काही बसवत नाहीत. म्हणजे जिच्या नावानं हे ऑपरेशन ओळखलं जातं ती वाटी बहुतेक वेळा आपली जुनीच असते आणि ती दुखू शकते. जिना चढता-उतरताना किंवा खुर्चीवरून उठताना गुडघ्याच्या समोरच्या बाजूला कळ येत असेल तर तपासणाऱ्याचं लक्ष आधी तिच्याकडे जातं.

आपल्या भाषेत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके रुग्णानं डॉक्टरांपुढे वापरले तर अर्धं काम सोपं होईल. आपण मात्र दवाखान्यात 'लई दुखतंय' म्हणून मोकळे होतो. बसल्या जागी, रात्री झोपेतही ठणका लागतो का? मग आत जंतुसंसर्ग किंवा दाह आहे का, हे पाहावं लागतं. उठून पहिली चार-पाच पावलं टाकताना कळ येते आणि मग थोडी ओसरते? सांध्याची पकड हाडावर सैल होत असल्याची ती खूण असू शकते. उतारावर गुडघा दगा देतो, सटकल्यासारखा वाटतो? दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा (हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा) ताण सारखा नसेल. सकाळी गुडघा जखडतो, वाकतच नाही? आत व्रणासारखी जाड ऊती वाढली असू शकते. आग होते, मुंग्या येतात, चमक निघते, साडीचा काठ घासला तरी सहन होत नाही? तिथे नसेचा विचार आधी. यातल्या एकाही शब्दानं निदान होत नाही. पण पुढची कोणती तपासणी करायची, ते ठरतं.

या सगळ्यात जंतुसंसर्ग पहिल्यांदा तपासायचा, कारण तो राहून गेला तर नुकसान सगळ्यात मोठं. ताप आणि पू असलेला संसर्ग कुणालाही ओळखता येतो. फसवा असतो तो दबकत वाढणारा. त्वचेवर एरवी निरुपद्रवी असणारे काही जीवाणू धातूवर चिकट थर करून राहतात. त्या थराच्या आत औषधही पोचत नाही आणि आपल्या पांढऱ्या पेशीही. रुग्णाला ताप नसतो, फोटो छान असतो, गुडघा मात्र कधी शांतच होत नाही. यासाठी रक्तातली सीआरपी आणि ईएसआर ही शरीरातला दाह दाखवणारी दोन मापं तपासतात. शंका उरलीच तर सुईनं सांध्यातलं पाणी काढून त्यातल्या पेशी मोजतात आणि जंतू वाढतात का ते पाहतात. काही जंतू इतके संथ असतात की ती तपासणी दोन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावी लागते. आणि इथेच आपली एक सवय आड येते. दुखतंय म्हणून कुणीतरी अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिलेला असतो; त्यानं जंतू मरत नाहीत, पण तपासणीत सापडेनासे होतात. म्हणून पाणी काढण्याआधी, रुग्णाची प्रकृती ठीक असेल तर, डॉक्टर साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवायला सांगतात.

संसर्ग नाही हे ठरलं की सांध्याची जुळणी. उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला एक्स-रे झोपून काढलेल्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. तरीही धातूचा भाग काही अंशांनी आत वळून बसला असेल तर ते साध्या फोटोत सहसा कळत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. आणि तेवढ्या वळणानंही वाटी आपल्या खाचेतून बाहेरच्या बाजूला ओढली जाऊ शकते. बोन स्कॅनचा, म्हणजे हाड कुठे जास्त सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा, आधार मात्र जपून घ्यावा. नव्या सांध्याभोवतीचं हाड वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ स्कॅनमध्ये 'तापलेलं' दिसतं, आणि तेवढ्यावरून सांधा सैल झाला असं ठरवता येत नाही. धातूची अ‍ॅलर्जी हे कारण हल्ली फार चर्चेत आहे, पण ते ठामपणे सिद्ध करणारी तपासणी नाही. बाकी सगळं तपासून झाल्यावरच तिकडे वळावं.

कधी कधी दुखणं गुडघ्याचं नसतंच. खुब्याच्या सांध्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकाच मुळातून येतात, त्यामुळे झिजलेला खुबा गुडघ्यात दुखतो. कमरेच्या मणक्यात दबलेली नसही तेच करते. नव्या गुडघ्याचा कसून तपास चाललेला असतो आणि पाय जांघेतून फिरवून पाहायचं राहून जातं. तपासायला दोन मिनिटं लागतात.

आता नसेचं. गुडघ्यासमोरून आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे एक बारीक नस जाते. मधोमध उभी चीर घेताना तिचे धागे बहुतेक वेळा कापले जातात. म्हणून व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो. तो निरुपद्रवी असतो. पण क्वचित कापलेल्या टोकाला बारीक गाठ होते आणि तिथे बोट लावलं तरी वीज चमकल्यासारखं होतं. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही: नेमक्या जागी बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं आणि काही तास दुखणं थांबतं का ते पाहायचं.

आणि जिथे काहीच सापडत नाही तिथे? 'मग हे मनाचं आहे' असं म्हणणारे भेटतात. विज्ञान तसं म्हणत नाही. १९८३ साली वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात प्रयोगांतून दाखवलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशींची संवेदनशीलताच वाढू शकते. त्यानंतर साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे पाठवला जातो. दहा-पंधरा वर्षं झिजलेला गुडघा घेऊन वावरलेल्या माणसाच्या मज्जासंस्थेत हा बदल शस्त्रक्रियेच्या आधीच झालेला असू शकतो. मग सांधा नवा येतो, पण त्याच्या बातम्या वाहून नेणारी वाट जुनीच राहते. शरीरात इतरत्रही वेदना असणं, चिंता, नैराश्य, झीज थोडी आणि दुखणं फार असणं, अशा रुग्णांना नंतरही दुखत राहण्याची शक्यता जास्त असते. ही वेदना शंभर टक्के खरी असते. तिच्यावर उपाय मात्र वेगळे असतात: नसांच्या वेदनेवरची औषधं, हळूहळू वाढवत नेलेली हालचाल, झोप सुधारणं, आणि गरज असेल तिथे मानसोपचार.

या सगळ्याची नीट घडी बसवली तर फरक पडतो का, हे ब्रिटनमध्ये आठ रुग्णालयांतल्या ३६३ रुग्णांवर तपासलं गेलं. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतरही दुखणाऱ्यांपैकी काहींना प्रशिक्षित तज्ज्ञानं तासभर देऊन तपासलं, कारणानुसार पुढे पाठवलं आणि नंतर फोनवरून पाठपुरावा केला. वर्षअखेर त्यांची वेदना नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा कमी होती. फरक मध्यमच होता. पण खर्च त्यानं वाढला नाही, आणि यात नवं औषध किंवा नवं यंत्रही नव्हतं. मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते त्या तासाभरासाठी.

कारण न सापडताच 'पुन्हा उघडून पाहू' म्हणणाऱ्यापासून मात्र सावध राहावं. सैल झालेला सांधा, संसर्ग, चुकलेली जुळणी, असं ठोस कारण असेल तर दुसरी शस्त्रक्रिया चांगला गुण देऊ शकते. नुसत्या दुखण्यासाठी केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचे निकाल निराशाजनक आहेत, आणि पहिल्यापेक्षा ती मोठी आणि जास्त धोक्याची असते.

आपल्याकडे हा प्रश्न वाढतच जाणार. ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला आणि या ऑपरेशनचं नाव घरोघरी पोचलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली. सांधा अनेकांच्या आवाक्यात आला हे चांगलंच झालं. नंतरच्या वेदनेसाठी मात्र वेगळी ओपीडी फार थोड्या ठिकाणी आहे. तोवर रुग्णानं स्वतः तयारीनं जावं: कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवता येतं का, कधी दुखतं, कशानं वाढतं, शस्त्रक्रियेआधीचं दुखणं हेच की हे नवं, मधल्या काळात कोणती अँटिबायोटिक घेतली, हे कागदावर लिहून न्यावं. शस्त्रक्रियेचा अहवाल आणि आधीचे एक्स-रेही सोबत असावेत.

आत्यानं असा कागद केला. तिच्या अक्षरात पहिली ओळ होती, 'आतल्या बाजूला आग होते, चादर लागली तरी.' पुण्यातल्या वेदनातज्ज्ञ डॉक्टर बाईंनी ती वाचून गुडघ्याच्या आतल्या अंगाला एका जागी बोट टेकवलं आणि आत्या ओरडली. त्यांनी तिथेच बधिर करणारं इंजेक्शन दिलं. त्या दुपारी ती दोन मजले कठड्याला हात न लावता उतरली. संध्याकाळी दुखणं परत आलं, तसं येणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. नंतर त्या नसेवर उपचार झाले, रात्रीची एक गोळी सुरू झाली. आता ती सकाळी दूध आणायला चालत जाते. पावसाळ्यात अजून आग होते, जमिनीवर मांडी घालता येत नाही, आणि तो कागद तिनं फाइलमध्ये एक्स-रेच्या वर ठेवला आहे.