कडक भाकरीतलं ऊन

कडक भाकरी मोडतानाचा आवाज सोलापूरकराला झोपेतही ओळखू येईल. आमटीत चुरायची, वर शेंगाचटणी, सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. ही भाकरी कोरड्या डब्यात महिनाभर सहज टिकते. ऐन उन्हाळ्यात रात्रीची मऊ भाकरी झाकून ठेवली, तर ती मात्र दुसऱ्या दिवशी वास मारायला लागते. पीठ एकच, तवा एकच. फरक पाण्याचा.

बुरशीला तोंड नसतं. ती आपले पाचकरस बाहेर सोडते, अन्न जागच्या जागी विरघळवते आणि मग शोषून घेते. भाकरी वाळवून पाणी काढून घेतलं की विरघळवणार कशात? समोर पिठाचा डोंगर असून बुरशी उपाशी राहते, आणि भाकरीतली ऊर्जा आपल्यासाठी शिल्लक राहते.

ही ऊर्जा आली कुठून? आपल्याकडचा शाळू, म्हणजे या भाकरीची रब्बी ज्वारी, पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढं तो बराचसा काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलीवर वाढतो. पान ऊन झेलतं आणि हवेतला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) व मुळांनी ओढलेलं पाणी यांची साखर बनवतं. ज्वारीच्या पानात कर्बवायू आधी गोळा करून मग वापरायची सोय असते, त्यामुळं पानावरची सूक्ष्म छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडतं. दुष्काळी मुलखात हे पीक तगतं त्याचं हे एक मोठं कारण. हुरडा गोड लागतो, कारण दाण्यातली साखर अजून पिष्टात बदलायची असते. दाणा पक्व झाला की गोडी जाते, साठा राहतो.

शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 340 किलोकॅलरी असतात. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारा माणूस चोवीस तास सरासरी 97 वॅटनं चालत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या शंभरच्या बल्बइतका. 1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळला आणि गिनीपिगनं किती कर्बवायू सोडला, हे मोजलं. मग कोळसा जाळून तोच हिशेब मांडला. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. श्वास घेणं म्हणजे संथ जळणंच, असं त्यातून पुढं आलं. मला हा प्रयोग फार आवडतो. भाकरी आपल्या पेशींत जळते, तिच्यातून मुख्यतः कर्बवायू आणि पाणीच निघतं, फक्त ज्वाळा दिसत नाही. ऊर्जा टप्प्याटप्प्यानं सुटते, म्हणून अंग 37 अंशांवर राहतं, भाजत नाही.

आता तव्याखाली बघू. माझी आजी तुराट्या आणि गोवऱ्यांवर भाकरी करायची. उकळतं पाणी घालून मळलेलं पीठ, परातीत थापलेली भाकरी, आणि सतत चोळून लाल झालेले डोळे. तुराटी हेही साठवलेलं ऊनच. ती पूर्ण जळाली, तर मुख्यतः कर्बवायू, पाण्याची वाफ आणि राख उरते. पण चुलीत हवा सगळीकडं सारखी पोचत नाही. जळण ओलं असेल, तर आधी त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच उष्णता खर्च होते. एक किलो पाण्याला सुमारे 2260 किलोज्यूल. आच थंडावते आणि जळणं अर्धवट राहतं.

धूर हा त्या अर्धवटपणाचा असतो. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. अडीच मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान कणही असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या अशा धुरामुळं जगात सुमारे 32 लाख लोक अकाली दगावले. गॅस परवडत नसलेल्या घरी निदान वाळलेलं जळण, मोकळा झरोका आणि चुलीजवळ तान्हं मूल नसणं, एवढं तरी व्हावं असं मला कळकळीनं वाटतं.

आजीच्या चुलीमागची भिंत काळी कुळकुळीत होती. बोट फिरवलं की काजळी चिकटायची. तो न जळलेला कार्बन होता. रानातलं जे ऊन भाकरीपर्यंत पोचलंच नाही, ते त्या भिंतीवर बसलं होतं, आणि थोडं आजीच्या छातीत.