आई बरी झाली की मुलगी पण सावरते, हे मोजून बघितलंय

आईला डिप्रेशन आलं की घरातली मोठी मुलगी आपोआप घराची आई होते. डबा तिने करायचा, धाकट्या भावाचा अभ्यास तिने घ्यायचा, आजीच्या गोळ्या तिने लक्षात ठेवायच्या, आणि सकाळी आईचा चेहरा बघून आजचा दिवस कसा जाणार याचा अंदाजपण तिनेच लावायचा. या मुलींकडे कुणाचं लक्षच जात नाही म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडची आई 'मला उदास वाटतंय' असं सहसा म्हणत नाही. ती म्हणते डोकं जड झालंय, हातपाय गळाल्यासारखे झालेत, झोप लागंना, काही सुचंना. मग बीपी बघा, सलाईन लावा, ताकदीची इंजेक्शनं घ्या हेच चालू राहतं. कोल्हापुरात उन्हाळ्यात मिरच्या आणायच्या, देठं काढायची, गच्चीवर वाळवायच्या आणि कांडपातनं वर्षाची चटणी करून आणायची, हे जिने आयुष्यभर न चुकता केलं तिच्या घरात यंदा मिरच्यांचं पोतं तोंड बांधलेलंच कोपऱ्यात पडलंय, आणि आत्ती म्हणते हिला आळस आलाय. हा आळस नाही हो! सलग 2 आठवडे दिवसातला बराच वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि सोबत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःलाच दोष देणं यातलं बरंच काही असेल तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. थायरॉईड किंवा बी12 कमी असलं तरी असं होऊ शकतं, म्हणून रक्त तपासून घ्यायचंच. पाळी जायच्या आसपासच्या वर्षांत धोका वाढतो, आणि नेमकी तेव्हाच मुलगी बारावीला नाहीतर कॉलेजला असते.

आता मुलीचं. 2011 मध्ये मानसशास्त्रज्ञ शेरिल गुडमन आणि सहकाऱ्यांनी आईचं डिप्रेशन आणि मुलं यावरचे 193 अभ्यास एकत्र करून बघितले. मनातल्या मनात कुढणं, चिंता, उदासी यांचा आईच्या आजाराशी असलेला संबंध मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसला. पण एकूण परिणाम सरासरीने लहानच होता, म्हणजे आईला आहे म्हणून मला होणारच असं अजिबात नाही.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2006 चा अमेरिकेतला अभ्यास, संशोधक मिर्ना वाइसमन यांचा. डिप्रेशनवर औषध चालू केलेल्या आया आणि त्यांची 7 ते 17 वर्षांची मुलं, अशा 151 जोड्या. 3 महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्या आया पूर्ण बऱ्या झाल्या त्या मुलांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण 11 टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांच्या आया तशाच राहिल्या त्यांच्यात साधारण 8 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे आईला डॉक्टरकडे नेणं हा मुलीचापण इलाजच झाला की. 'पोरीची परीक्षा होऊ दे मग बघू' म्हणणाऱ्या घरांनी हे दोन आकडे नीट वाचावेत.

औषधाचा गुण यायला 2 ते 4 आठवडे, कधी 6 पण लागतात. या मधल्या दिवसांत बऱ्याच घरांत गोळ्या बंद होतात, किंवा जरा बरं वाटलं की बंद होतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण 6 महिने तरी चालू ठेवायला सांगतात, मनाने सोडायच्या नाहीत.

मुलीने काय करायचं? आईचं समुपदेशन तर नाहीच करायचं. रात्री 1 वाजेपर्यंत तिच्या शेजारी बसून तेच तेच उगाळण्यापेक्षा संध्याकाळी रंकाळ्यावर एक चक्कर मारून आणलेली बरी. ती नको म्हणेल, तेव्हा चक्कर मोठी नको, नुसतं कोपऱ्यापर्यंत चल म्हणायचं. मन लागलं की बाहेर पडू असं नाही, बाहेर पडलं की हळूहळू मन लागतं, या तत्त्वावरची उपचारपद्धती गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत तपासलीय. तज्ज्ञ नसलेल्या पण ट्रेनिंग घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी 6 ते 8 भेटी घेतल्या आणि 3 महिन्यांनी 64 टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत 39 टक्के (2017).

कामं मात्र वाटून घ्या, बाबा आणि भाऊ घरातच राहतात ना. आणि धाकट्यांना स्पष्ट सांगा की आई आजारी आहे, ती तुमच्यावर चिडलेली नाही.

आई 'मी नसले तर बरं होईल' म्हणायला लागली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना, तिला एकटं सोडायचं नाही. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखवता येतं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर 24 तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो फोन मुलीने स्वतःसाठी केला तरी चालतो.